आईच्या कपाळावरील आठ्या

गेल्या श्रावणात आमच्या मातोश्रींनी नांदेड येथे इहलोकीची यात्रा संपविली. महिन्याची मिस्सा जवळ आली, तेव्हा आप्तेष्टांस वाटण्यासाठी स्मरणपत्र छापणे आणि बैठकीत लावण्यासाठी एक मोठी तसबीर करून घेणे, ही दोन कामे आमच्याकडे आली. दोहोंसाठी फोटो हवा होता. आम्हांस वाटले, यात कसली अडचण? घरात माणसे सहा आणि कॅमेऱ्याचे फोन सात. लातूरला राहणारे आमचे धाकटे बंधू तर १०८ मेगापिक्सेलचा फोन बाळगतात आणि हा आकडा पाहुण्यांस चहाबरोबरच ऐकवितात. त्यांनी आपल्या मुलीच्या लग्नाच्या दिवशी, सायंकाळी, चर्चमध्ये काढलेला आईचा फोटो तत्परतेने व्हॉट्सॲपवर पाठविला.

फोटोच्या दुकानात तो संगणकाच्या पडद्यावर मोठा केला गेला आणि आम्ही गप्प झालो. चेहरा मेणाचा वाटावा इतका गुळगुळीत होता. केसांची एकेक पांढरी बट दिसण्याऐवजी डोक्यावर कापसाचा पुंजका ठेवल्यासारखे दिसत होते. आणि कपाळावरील त्या तीन आठ्या, ज्या बोटाने मोजीत आम्ही लहानपणी तिच्या मांडीवर झोपी जात असू, त्या कुठेच नव्हत्या. बाई ओळखीची होती; आई नव्हती.

फोटोविषयी आईचे मत ठाम होते. १९९३ सालच्या ३० सप्टेंबरच्या पहाटे किल्लारीच्या भूकंपात आमच्या मावशीचे घर कोसळले. ढिगाऱ्यातून निघालेल्या पत्र्याच्या पेटीत तिच्या यजमानांचा एकच कृष्णधवल फोटो सापडला. यजमान गेले होते. मावशीने तो फोटो पदराने पुसला आणि किती वेळ पाहत राहिली, हे आईने आम्हांस अनेकदा सांगितले होते. सांगून झाले की ती म्हणे, "एकच असू द्या, पन तोंड वळखू आलं पाहिजे."

दुकानातील तरुणाने प्रथम दोष पाठवणीस दिला. व्हॉट्सॲप नेहमीच्या पद्धतीने फोटो पाठविताना तो बराच लहान करते. लांब बाजूवर सुमारे १,६०० ठिपके उरतात. म्हणून बंधूंना मूळ फोटो घेऊन बोलाविले. ते लातूरहून आले, फोनमधील मूळ प्रत संगणकात उतरविली गेली आणि दोन आश्चर्ये एकदम समोर आली. पहिले, चेहरा तरीही मेणाचाच होता. दुसरे, फोटोचे मोजमाप ४,००० गुणिले ३,०००, म्हणजे एक कोटी वीस लाख ठिपके, अर्थात १२ मेगापिक्सेल निघाले. "मग आमचे बाकीचे ९६ कुठे गेले?" बंधूंनी विचारले. त्यांचा स्वर सावकाराने हिशेब मागावा तसा होता.

ते कोठेही गेले नव्हते. एक मेगापिक्सेल म्हणजे दहा लाख ठिपके, आणि प्रत्येक ठिपका म्हणजे प्रकाश साठविणारे एक सूक्ष्म भांडे. लातूरच्या माणसास हे समजावून सांगणे सोपे जाते. २०१६ सालच्या एप्रिलमध्ये मिरजेहून पाण्याची पहिली आगगाडी आली, तेव्हा दहा टाक्यांतून पाच लाख लिटर पाणी लातुरात उतरले. त्या दिवशी गावात घागरी किती होत्या यावर पाणी किती आले, हे ठरत नव्हते. प्रकाशाचेही तसेच. पाऊस अंगणावर पडतो. त्या अंगणात चार पिंपे मांडा की चारशे वाट्या, अंगणाच्या वाट्याचा पाऊस तेवढाच. मात्र पाऊस तुरळक असेल तर एका वाटीत पाच थेंब पडतात, शेजारच्या वाटीत दोन. अंधाऱ्या फोटोत जे रंगीत दाणे दिसतात, ते बरेचसे या पाच आणि दोनमधील फरकाचेच. ते दाणे पुसण्यासाठी फोन चेहऱ्यावर जणू बोळा फिरवितो, आणि दाण्यांबरोबर आठ्याही पुसल्या जातात. त्यास आठी आणि दाणा यांतील भेद कोण सांगणार?

भांडी लहान झाल्याची ही अडचण कारखानदारांसही ठाऊक आहे. म्हणूनच १०८ मेगापिक्सेलचे बहुतेक फोन नऊ-नऊ वाट्यांचे पाणी एका घागरीत ओततात आणि १२ मेगापिक्सेलचा फोटो हाती देतात. २०० मेगापिक्सेलचे फोन सोळा-सोळा वाट्या एकत्र करतात. खोक्यावर मात्र वाट्यांची संख्या छापलेली असते. कॅनन कंपनीने २००८ साली जी-१० हा १४.७ मेगापिक्सेलचा छोटा कॅमेरा काढला आणि पुढच्याच वर्षी जी-११ मध्ये आकडा १० वर आणला, तोही नवे मॉडेल म्हणून. आकडा उतरविण्याचे असे धैर्य या बाजारात क्वचितच दिसते.

मोठ्या आकड्याचा उपयोग नाही, असे मात्र म्हणता येणार नाही. याच बंधूंनी कंधारच्या किल्ल्यात भर दुपारी, पूर्ण १०८ ची सोय चालू करून काढलेला एक फोटो आम्ही पाहिला आहे. त्यातील एक कोपरा कापून मोठा केला, तर दगडावरील छिन्नीचे घाव मोजता येत होते. मराठवाड्याचे ऊन असेल तर वाट्याही भरतात. पण माणसे आपले सोहळे सायंकाळी, पिवळ्या दिव्यांत आणि हलत्या मेणबत्त्यांत करतात. त्यास इलाज नाही.

फोटो शेवटी आमच्या भगिनीच्या कपाटात सापडला. २००७ साली घेतलेला सात मेगापिक्सेलचा एक साधा डिजिटल कॅमेरा तिथे साडीत गुंडाळलेला होता आणि त्यातील कार्ड शाबूत होते. लातूरच्या घरी, सकाळी आठच्या सुमारास, कडुनिंबाच्या सावलीत आई तांदूळ निवडीत बसली आहे आणि कोणीतरी हाक मारल्यामुळे तिने वर पाहिले आहे. कॅमेऱ्यातील प्रकाश टिपणारी काच जेमतेम करंगळीच्या नखाएवढी. पण ऊन मुबलक, सावली मऊ आणि आई स्थिर. तिन्ही आठ्या होत्या. सुपातील तांदळाचे दाणेही वेगळे दिसत होते.

"सातवर एवढी मोठी तसबीर कशी होईल?" असे बंधूंनी विचारलेच. दुकानातील तरुणाने कागदावर गणित मांडले. हातात धरून पाहण्याच्या चार बाय सहा इंची फोटोस इंचाला ३०० ठिपके धरले तरी १,८०० गुणिले १,२००, म्हणजे २१ लाख ६० हजार ठिपके पुरतात. सोळा बाय वीसची तसबीर भिंतीवर असते, ती पाच-सहा फुटांवरून पाहतात. तिला इंचाला दीडशेच्या आसपास पुरे. आमच्या फोटोची रुंदी २,३०४ ठिपके होती. सोळाने भागले की १४४. बंधूंनी भागाकार पुन्हा स्वतःच्या फोनवर करून पाहिला.

मिस्सेच्या आदल्या दिवशी तसबीर आली. भिंतीवर चढविताना शिडी बंधूंनी धरली होती. ते बराच वेळ वर पाहत उभे राहिले. मग खिशातून फोन काढून त्यांनी तसबिरीचाच फोटो घेतला आणि लातूरच्या मंडळींस पाठविला. काचेत ट्यूबलाइट उमटली होती, ती बरोबर आईच्या कपाळावर.