डोळा सापडला, लिपी हरवली
सँटियागोहून पाचेक तासांची फ्लाइट, की ईस्टर आयलंड! ते अवाढव्य मोआई पुतळे तर बघालच, पण हांगा रोआमधलं छोटंसं म्युझियम चुकवू नका. तिथे मोआईचा प्रवाळाचा डोळा आहे, १९७८ मध्ये अनाकेनाच्या किनाऱ्यावर सापडलेला. मी मात्र रेंगाळले रोंगोरोंगो लिपीच्या लाकडी पाट्यांपाशी. या नकला बरं का. अस्सल पाट्या बेटाबाहेर विखुरल्यात. १८६२-६३ मध्ये पेरूच्या गुलाम व्यापाऱ्यांनी इथली शेकडो माणसं पळवली, त्यात लिपी जाणणारेही गेले. परतलेल्या मोजक्यांसोबत देवीची साथ आली. १८७७ मध्ये बेटावर उरले फक्त १११ रापानुई. ती अक्षरं आजही कुणालाच लागत नाहीत. भाषा मात्र तगलीय. बाहेर पडलात की कान उघडे ठेवा!