पाच आकड्यांचं मीटर

राजूरच्या धुळीत दोन रंग असतात. कोळसा खाणीच्या बाजूने येते ती काळी आणि चुन्याच्या भट्ट्यांकडून येते ती पांढरी. मोठे बाबांच्या, म्हणजे माझ्या थोरल्या काकांच्या, ट्रॅक्स गाडीचा एअर फिल्टर उघडला की खालच्या तेलाच्या भांड्यात या दोन्हींचा मिळून बसलेला राखाडी गाळ दिसायचा, भिजवलेल्या ढेपेसारखा घट्ट. दर रविवारी सकाळी मोठे बाबा क्लिपा सोडून ते भांडं काढत. पत्र्याच्या तुकड्याने गाळ खरवडत, भांडं आणि वरची जाळी डिझेलने धुऊन उन्हात निथळत ठेवत आणि मग आतल्या खुणेपर्यंत नवं तेल ओतत. खुणेच्या वर थेंब नाही, खाली थेंब नाही. गाडीच्या पुस्तकात या कामाला बरंच लांबचं अंतर दिलेलं होतं. ते चांगल्या रस्त्याचं. राजूरला आठवडा हेच अंतर.

वणी तालुक्यातलं हे गाव कोळसा आणि चुना यांवर उभं आहे. खाणीत कामाला आलेली माणसं कुठून कुठून आलेली, त्यामुळे बाजारात मराठीइतकीच हिंदी आणि तेलुगूही ऐकू येते. गावापासून वणी दहा-एक किलोमीटर. बाजार, दवाखाना, कोर्ट, कॉलेज, सगळं तिकडे. त्या दहा किलोमीटरवर मोठे बाबांची ट्रॅक्स काळी-पिवळी टॅक्सी म्हणून चालली.

गाडी त्यांनी १९९६ साली जुनीच घेतली, तेव्हा तिचे बासष्ट हजार किलोमीटर झाले होते. दिवसाच्या आठ फेऱ्या धरल्या तर एकशे साठ किलोमीटर, वर्षाचे तीनशे दिवस धरले तर अठ्ठेचाळीस हजार. वणीला रंगनाथ स्वामींची यात्रा भरली की फेऱ्या वाढत. लग्नसराईत मारेगाव, पांढरकवडा, कधी चंद्रपूर. आज त्या गाडीचे सव्वानऊ लाख किलोमीटर पूर्ण झाले आहेत. चंद्रापर्यंत जाऊन परत यायला पावणेआठ लाखांच्या आसपास लागतात.

हा आकडा मीटरवर कुठेच दिसत नाही. मीटर पाच आकड्यांचं, ९९,९९९ नंतर पुन्हा शून्यावर येणारं. २००१ साली ते तिसऱ्यांदा फिरलं तेव्हा मी अकरा वर्षांचा होतो आणि पुढच्या सीटवर मधे बसलो होतो. मोठे बाबांनी वेग कमी केला. मागच्या माणसांनाही कळलं की काहीतरी आहे. दोघं-तिघं पुढे वाकले. शेवटचा नऊ हळूहळू वर सरकायला लागला, त्याच्याबरोबर बाकीचे चारही नऊ हलले, क्षणभर प्रत्येक चाक अर्ध्यात अडकल्यासारखं दिसलं आणि मग पाच शून्यं एका ओळीत येऊन बसली. मागून कोणीतरी म्हणालं, "गाडी नवी झाली ना बाप्पा!" मोठे बाबांनी गाडी बाजूला घेतली, डॅशबोर्डच्या कप्प्यातली वही काढली आणि तारीख घालून लिहिलं : ३,००,०००.

त्या वहीबद्दल सांगितल्याशिवाय या गाडीबद्दल काही सांगता येत नाही. लांबट, लाल कापडी पुठ्ठ्याची, किराणा दुकानात उधारीला वापरतात तशी. आता अशा चार झाल्या आहेत. डाव्या बाजूला तारीख, मग किलोमीटर, मग काम. "ऑइल, फिल्टर." "मागचा पाटा तुटला, डावा." "क्रॉस बदलला." "नोझल चारही." "डिझेलमधी पाणी, टाकी धुतली." इंजिन ऑइल दर पाच हजारांना, म्हणजे वर्षातून नऊ-दहा वेळा; एकही खाडा नाही. काळी-पिवळीच्या सतरा वर्षांत इंजिन दोनदा बोअर झालं, क्रँक एकदा ग्राइंड झाला. क्लचप्लेटा किती गेल्या त्या मोजायच्या तर चारही वह्या काढून बसावं लागेल. मोठे बाबा सातवी शिकलेले. त्यांच्या हातचं एवढं लिखाण दुसरीकडे कुठेच नाही.

वहीचा उपयोग काय, ते मला फार उशिरा समजलं. वॉटरपंप किती किलोमीटरला गळायला लागतो हे दोनदा लिहून ठेवलं की तिसऱ्यांदा तो रस्त्यात गळत नाही, कारण आधीच बदललेला असतो. लाखो किलोमीटर चाललेल्या गाड्यांबद्दल लोक नशीब, कंपनी, जुना मजबूत पत्रा अशी कारणं सांगतात. कंपनीचा वाटा आहेच.

आणि तो वाटा या गाडीत फार मोठा आहे. ट्रॅक्स बनवली बजाज टेम्पोने, जिचं नाव २००५ पासून फोर्स मोटर्स झालं. फिरोदियांची ही कंपनी, कारखाना पुण्याजवळ आकुर्डीला. ऐंशीच्या दशकात त्यांनी जर्मनीच्या डाइमलर-बेन्झकडून ओएम ६१६ हे डिझेल इंजिन बनवण्याचा परवाना घेतला. चार सिलिंडर, २.४ लिटर, आत पट्ट्याऐवजी टायमिंगची साखळी. हेच इंजिन मर्सिडीजच्या २४० डी या मोटारीत होतं. आणि मर्सिडीजने आपल्या सर्वांत जास्त चाललेल्या गाडीचा मान ज्या गाडीला दिला, ती १९७६ ची २४० डी होती : ग्रीसमधल्या थेस्सालोनिकीचे टॅक्सीचालक ग्रेगोरिओस साखिनिदिस यांची. त्यांनी ती ४६ लाख किलोमीटर चालवली आणि २००४ मध्ये कंपनीच्या संग्रहालयाला दिली. पृथ्वीला शंभरावर फेरे होतील एवढं ते अंतर.

हे मी मोठे बाबांना वाचून दाखवलं तो दिवस माझ्या चांगला लक्षात आहे. ग्रीस कुठे आहे ते मोबाइलवर नकाशा काढून दाखवलं. आपल्या गाडीत आहे त्याच घराण्यातलं इंजिन, हे ऐकून ते उठून गाडीजवळ गेले, बोनेटवर हात ठेवून उभे राहिले. मग त्यांनी एकच विचारलं, "तो इंजिन उतरवून दुसरं चढवे का तेच चालवे?" इंजिनं बदलली होती, मी म्हणालो. "मंग बराबर हाय," ते म्हणाले. "येवढं एका इंजिनानं होत नाही. पण गाडी तेच रायली ना."

अमेरिकेतल्या अर्व्ह गॉर्डन यांची गोष्टही त्यांना आवडली, ती शिक्षकाची म्हणून. न्यूयॉर्कजवळच्या लाँग आयलंडवर विज्ञान शिकवणाऱ्या गॉर्डन यांनी १९६६ मध्ये व्होल्वो पी १८०० एस घेतली. शाळेला जाऊन-येऊन रोज १२५ मैल, म्हणजे दोनशे किलोमीटर. सप्टेंबर २०१३ मध्ये अलास्कात तिचे तीस लाख मैल पूर्ण झाले. आपल्या हिशेबात अठ्ठेचाळीस लाख किलोमीटर. २०१८ मध्ये ते वारले, तोवर ती गाडी त्यांच्याकडेच होती.

टॅक्सी काय आणि रोज दोनशे किलोमीटर जाणारा मास्तर काय, दोघांच्या गाड्यांत एक गोष्ट सारखी आहे. त्यांचं इंजिन दिवसभर गरम राहतं. इंजिनाची सर्वांत जास्त झीज थंड असताना चालू करण्याच्या वेळी होते. तेल खाली उतरलेलं असतं, ते वर पोचेपर्यंत धातूवर धातू घासतो. दारात झाकून ठेवलेली, महिन्यातून दोनदा बाहेर निघणारी गाडी म्हणून लवकर म्हातारी होते. तिच्यात तेल खराब होतं, बॅटरी बसते, रबर कडक होतं. मोठे बाबांची गाडी पहाटेच्या पाळीला एकदा चालू झाली की रात्रीच थंड व्हायची. सकाळी हीटर लागू द्यायचा, चावी फिरवायची आणि मग दोन मिनिटं रेस न देता उभी ठेवायची. पाळीची माणसं बसलेली, घाई करणारी. तरी दोन मिनिटं म्हणजे दोन मिनिटं.

मे २०११. मी एकवीस वर्षांचा होतो, लायसन्स होतं आणि हात बसलाय असं मला वाटत होतं. मोठे बाबांना ताप होता म्हणून पांढरकवड्याचं वऱ्हाड मी घेऊन गेलो. वणी-पांढरकवड्याकडचं ऊन मे महिन्यात कसं असतं ते तिथल्या माणसाला सांगायला नको. स्टिअरिंगला फडकं गुंडाळावं लागतं. निघताना मी तेल पाहिलं, हवा पाहिली. रेडिएटरचं झाकण उघडलं नाही. परतीच्या वाटेवर काटा वर चढलेला दिसला तेव्हा मागे बायका-पोरं होती, सावली कुठे नव्हती, आणि मी ठरवलं की पुढच्या गावापर्यंत जाऊ. सहा किलोमीटर. गाव यायच्या आधी सायलेन्सरमधून पांढरा धूर निघाला आणि गाडीतली ताकद गेली. खालचा होजपाइप चिरला होता. थेंब थेंब पाणी किती वेळ गळत होतं कोण जाणे.

गॅस्केट गेलं, हेड वाकलं. वणीला हेड फेसिंगला टाकलं, गाडी नऊ दिवस उभी राहिली. काळी-पिवळी नऊ दिवस उभी राहणं म्हणजे घरात काय असतं ते मला ठाऊक होतं, आणि त्या नऊ दिवसांत मोठे बाबा मला एक शब्दही बोलले नाहीत. दहाव्या दिवशी गाडी आणली. वही मी हळूच उघडून पाहिली. "७,८१,४००. हेड, गॅस्केट, होज. पाणी पाह्यलं नाही." कोणी पाहिलं नाही ते लिहिलेलं नव्हतं.

त्या संध्याकाळी त्यांनी मला बोलावलं. गाडी चालू करून ठेवली, माझा हात धरून वरच्या होजवर ठेवला. गार होता. मग कोमट झाला, आणि एका क्षणी पाण्याचा लोट आत शिरल्यासारखा एकदम गरम. "थर्मोस्टॅट उघडला," ते म्हणाले. "काटा खोटं बोलू शकते. हात नाही बोलत." तेव्हापासून लांबच्या वाटेवर मी पहिल्या थांब्याला बोनेट उघडतो. वरचा होज, खालचा होज, रेडिएटरचा खालचा कोपरा, वॉटरपंपाखालचं छोटं भोक. अर्धं मिनिट लागतं.

२०१३ मध्ये त्यांनी परमिट सोडलं. दरवर्षीच्या पासिंगला यवतमाळ, शंभरावर किलोमीटर. गुडघे दुखायला लागले होते. गाडी खाजगी करून घेतली, काळा-पिवळा रंग खरवडून पांढरा दिला. आता ती माझ्या नावावर आहे. एप्रिल २०२२ पासून पंधरा वर्षांवरच्या मोटारीची फेरनोंदणीची फी सहाशे रुपयांवरून पाच हजारांवर गेली. २०२३ ला मी ती भरली, पर्यावरण कर वेगळा. माझी त्याबद्दल तक्रार नाही. जुन्या डिझेल गाडीचा धूर हा खरा प्रश्न आहे, आणि राजूरसारख्या गावात राहून हवेबद्दल बेफिकीर राहणं मला जमणार नाही. म्हणूनच नोझल आणि पंपाचं काम मी एकदाही पुढे ढकललेलं नाही. मला पटत नाही ते एवढंच, की गाडीचं सगळं मोजमाप तिच्या वयावर करायचं. मुंबईत शेवटची प्रीमियर पद्मिनी टॅक्सी ऑक्टोबर २००३ मध्ये नोंदवली गेली आणि वीस वर्षं भरली म्हणून ऑक्टोबर २०२३ मध्ये उतरली. त्या गाड्यांपैकी कोणती सांभाळलेली होती, कोणती नव्हती, हे तारखेवरून कळत नाही.

सुटे भाग अजून मिळतात. ट्रॅक्स खेड्यापाड्यांत एवढी चालली की वणी, चंद्रपूर, नागपूरच्या दुकानांत काही ना काही सापडतंच. अडचण माणसांची आहे. मायको पंप उघडून बसवणारे मिस्त्री म्हातारे झाले. त्यांच्या हाताखालची पोरं आता स्कॅनर लावून बिघाड शोधतात. ते काम कमी नाही, पण या गाडीला स्कॅनर लावायला जागाच नाही. टॅपेट सेटिंग म्हणूनच मी स्वतः शिकलो. इंजिन पूर्ण थंड पाहिजे. दोन पाने, एकाने नट धरायचा, दुसऱ्याने फिरवायचं, मधे फीलर गेजची पात. पात अडकली तर घट्ट, सहज निघाली तर सैल. कागदातून पिन ओढताना लागते तेवढी ओढ हाताला लागली पाहिजे.

गेल्या महिन्यात रविवारी फिल्टर धुऊन झाला आणि गाडी चालू केली. मोठे बाबा अंगणात बाजेवर होते. आता त्यांना कमी ऐकू येतं, टीव्ही मोठा करावा लागतो. त्यांनी मान वाकडी केली, थोडा वेळ तसेच बसले.

"दुसऱ्याचा टॅपेट वाजून रायला," ते म्हणाले.

मला काही ऐकू येत नव्हतं. गाडी बंद केली. दुसऱ्या दिवशी सकाळी, इंजिन थंड असताना, झाकण काढलं. दुसरा बरोबर होता. तिसऱ्याच्या एक्झॉस्टची पात सैल निघाली. ती नीट केली, झाकण लावलं, हात पुसून वही काढली आणि मीटर पाहून लिहिलं : "९,२६,३१०. टॅपेट, तिसरा." मग वही तशीच उघडी त्यांच्याकडे नेली. त्यांनी चष्मा लावून ओळ वाचली, खिशातून पेन काढलं आणि खाली आपल्या अक्षरात जोडलं : "पाणी पाह्यलं."