तळमजला

सांगलीतल्या आमच्या इमारतीच्या जिन्याखालच्या भिंतीवर दोन रेघा आहेत. खालची २००५ च्या पुराची, वरची २०१९ ची. रंग दिला तरी दोन पावसाळ्यांत त्या पुन्हा उमटतात. दिवाळीनंतर भिंतीसकट जातील, कारण इमारत पाडून नवी बांधायचं ठरलंय. ते ठरण्यात माझा हात आहे.

मी पुण्यात सॉफ्टवेअरमध्ये काम करतो. बाबा सोसायटीचे सेक्रेटरी. बिल्डरांचे तीन प्रस्ताव आले तेव्हा "तू इंजिनिअर ना, बघ जरा" म्हणून सगळे कागद माझ्याकडे आले. दोन शनिवार-रविवार घालवून मी एक्सेल शीट केली. बारा फ्लॅट, बारा रांगा. आताचं क्षेत्रफळ, नवं क्षेत्रफळ, बांधकाम चालू असताना मिळणारं भाडं, कॉर्पस, पार्किंग.

गणित सरळ होतं. डिसेंबर २०२० मध्ये मुंबई वगळून जवळपास सगळ्या राज्यासाठी एकच बांधकाम नियमावली आली. समोरचा रस्ता जितका रुंद, तितकं जास्त बांधता येतं. मूळ एफएसआयवर पैसे भरून प्रीमियम एफएसआय घ्यायचा, वर टीडीआर चढवायचा. वाढीव मजल्यांवरचे फ्लॅट विकून बिल्डर खर्च आणि नफा काढतो. सभासदांना खिशातून काही न घालता नवं घर मिळतं.

सांगलीत या गणितात नदीही येते. पूररेषा दोन असतात : निळी म्हणजे साधारण पंचवीस वर्षांतून एकदा येणाऱ्या पुराची, लाल म्हणजे शंभर वर्षांतून एकदा येणाऱ्या. आमचा प्लॉट दोन्हींच्या मधल्या पट्ट्यात. इथे बांधायचं तर जोतं लाल रेषेच्या वर हवं, नाहीतर इमारत खांबांवर उभी करायची. म्हणून नव्या प्लॅनमध्ये खाली फक्त पार्किंग आहे आणि वर सहा मजले. पाणी आलं तर गाड्या हलवायच्या, बस्स. मला तो प्लॅन फार आवडला होता.

कारण २०१९ मी बघितलंय. आयर्विन पुलाजवळ कृष्णेची धोक्याची पातळी ४५ फूट. त्या ऑगस्टमध्ये पाणी ५७ फुटांच्या वर गेलं. पाणी अंगणात आलं त्या रात्री तळमजल्यावरच्या काकूंचं शिलाई मशीन मी आणि काकांनी उचलून आमच्या दुसऱ्या मजल्यावर आणलं. मग सिलेंडर, गाद्या, त्यांच्या मुलीचं दप्तर. चौघंही आमच्या हॉलमध्ये राहिली. लाईट नव्हती. आई आणि काकू मेणबत्तीत खिचडी करायच्या. पाणी उतरल्यावर आठवडाभर आम्ही चिखल उपसला.

काकू भाडेकरू आहेत. त्या फ्लॅटचे मालक २००५ च्या पुरानंतर विश्रामबागेत राहायला गेले. तेव्हापासून तो फ्लॅट काकूंकडे. अकरा महिन्यांचा करार, दर वेळी नवा. भाडं साडेचार हजार. गावाच्या मध्यात एवढ्या भाड्यात घर मिळतं, कारण तिथे पाणी येतं. पुराची भीती हीच त्या घराची सवलत होती.

माझ्या शीटमध्ये तिसऱ्या रांगेत त्या मालकांचं नाव होतं. काकूंचं कुठेच नव्हतं. शीट चुकीची नव्हती. सोसायटीत सभासद मोजतात, राहणारी माणसं नाही. भाडं, कॉर्पस, नवा फ्लॅट सगळं सभासदाला. अकरा महिन्यांच्या करारावर राहणाऱ्याला फक्त नोटीस.

सभा गच्चीवर झाली. मी लॅपटॉप टीव्हीला जोडून प्रेझेंटेशन दिलं, टाळ्या पडल्या, बाराही सह्या झाल्या. खाली उतरताना काकू दारात मटार सोलत होत्या.

"झालं का रे सगळं?"

"झालं काकू. आता पुराची कटकटच नाही. खाली घरच नसणार."

बोलून गेलो आणि मग मलाच ऐकू आलं. काकू हसल्या. म्हणाल्या, "बरं झालं. तुझ्या आईचे गुडघे दुखतात, लिफ्ट होईल."

त्या रात्री मी शीटमध्ये तेरावी रांग टाकली. प्रत्येक सभासदाने कॉर्पसमधून थोडे पैसे काढले तर काकूंची दुसरीकडची अनामत आणि सामान हलवायचा खर्च निघत होता. ग्रुपवर टाकलं. चौघांनी हो म्हटलं. एकांनी लिहिलं, "उद्या सगळेच मागतील." बाकीच्यांनी निळ्या टिकांपलीकडे काही दिलं नाही. मालकांना फोन केला, नव्या घरात काकूंनाच ठेवाल का म्हणून. ते वाईट माणूस नाहीत. म्हणाले, "अरे, ते घर चौथ्या मजल्यावर आहे. मेंटेनन्सच केवढा येईल. साडेचार हजारांत कसं देऊ?" त्यांचंही गणित बरोबर होतं.

चौघांचे पैसे आणि आमच्या घरचे मिळून अनामत निघाली. गेल्या महिन्यात काकू शामरावनगरला गेल्या. सखल भाग आहे, नुसत्या मोठ्या पावसातही तिथे पाणी साठतं. टेम्पोतून मशीन उतरवायला मी गेलो होतो. दोन खोल्या, तळमजला.

"वरचा नाही मिळाला?" मी विचारलं.

"होता की. सात हजार सांगितले."

मशीन खिडकीजवळ ठेवलं. काकू म्हणाल्या, तिथे नको, पलीकडे त्या कट्ट्यावर ठेव, उंच आहे.