सीझियमचा हिशेब

थर्मिऑनिक अणुभट्टीचं मॉडेल करायला बसलेले बहुतेक जण युरेनियमपासून सुरुवात करतात. मी सीझियमपासून करतो.

यंत्र तसं साधं. तापलेल्या एमिटरमधून इलेक्ट्रॉन सुटतात, अर्ध्या मिलिमीटरच्या आसपासची फट ओलांडून त्यामानाने गार कलेक्टरवर पोचतात, की झाली वीज. सोव्हिएत संघाने १९८७ मध्ये कॉसमॉस-१८१८ आणि कॉसमॉस-१८६७ या उपग्रहांवर टोपाझ भट्ट्या उडवल्या. दीडशे किलोवॉट उष्णतेतून जेमतेम पाच किलोवॉट वीज. पहिली सुमारे पाच महिने चालली, दुसरी अकरा. युरेनियम उरलं होतं, संपलं ते सीझियम.

फटीत सीझियमची वाफ नसेल तर तिथे इलेक्ट्रॉनांचीच गर्दी होते आणि मागून येणाऱ्यांना ती परत ढकलते. वाफ जास्त झाली तर इलेक्ट्रॉन वाटेतच आदळून ऊर्जा गमावतात. म्हणजे सोळाशे अंश सेल्सियसवर धगधगणाऱ्या एमिटरची वीज कुणाच्या हातात, तर तीनशे अंशांच्या आसपास ठेवलेल्या सीझियमच्या छोट्या साठ्याच्या. त्या साठ्याचं तापमान ठोकळेबाज आकडा म्हणून घेणाऱ्या मॉडेलवर माझा विश्वास बसत नाही.

दुसरी गाठ विजेच्या भाराची. सुटणारे इलेक्ट्रॉन एमिटरची उष्णता सोबत नेतात. भार अचानक तुटला तर ही वाट बंद होते आणि एमिटर तापत जातो. इथे दहा अंशही थोडे नसतात: नुसत्या टंगस्टनचं उत्सर्जन १९०० केल्व्हिनजवळ तेवढ्यानेच सोळा-सतरा टक्क्यांनी वाढतं.

पोखर्णीला गेलो की पुतण्या विचारतो, “काका, अवकाश एवढं थंड, मग उष्णता घालवायची काळजी कशाला?” वैशाखात परभणीकडे पारा चव्वेचाळीसवर जातो, पण अंगाला वारा तरी लागतो. अवकाशात वाराच नाही, उष्णता फक्त प्रारणाने जाते. त्यात मात्र आठशे केल्व्हिनचा पत्रा चारशेच्या पत्र्यापेक्षा सोळापट उष्णता टाकतो. थर्मिऑनिक भट्टीचा कलेक्टर मुळातच गरम, त्यामुळे लहान रेडिएटरवर भागतं. मला हे तंत्र आवडतं ते यासाठीच.

टोपाझ-२ ची रचना आणखी कामाची. इंधनाच्या जागी विजेचे हीटर घालून ती जमिनीवर चालवता येते. नव्वदच्या दशकात अमेरिकेत अल्बुकर्कीला रशियन आणि अमेरिकी अभियंत्यांनी तशाच चाचण्या केल्या. पण तिच्यातलं झिर्कोनियम हायड्राइडचं मंदक तापलं की अभिक्रिया वाढते, आणि हीटरला ते दाखवता येत नाही. हीटरच्या आकड्यांशी जुळलेलं मॉडेल तेवढ्याने पास करू नये.

आपल्याकडे चांद्रयान-३ च्या प्रॉपल्शन मॉड्यूलवर भाभा अणुसंशोधन केंद्राची एकेक वॉटची दोन उष्णता-एककं होती. तिथून किलोवॉटपर्यंतचा पल्ला लांबचा आहे, आणि तो गाठायला मॉडेल करणारी माणसं लागतील. मराठवाड्यातल्या अभियांत्रिकीच्या मुलामुलींनो, हे काम हाती घ्या, आणि पूर्ण शक्तीचा रन नंतर करा. आधी भार तोडून बघा.