तुर्कस्तानातली पंधरा क्षेपणास्त्रं

सातारा,
२० ऑक्टोबर

चि. सोनूस,


रविवारी फोनवर माझा आवाज चढला, त्याची रुखरुख आठवडाभर लागून राहिली. तू म्हणालास, महासत्तेनं आधी दणका द्यावा, बोलणी मग करावीत. क्यूबात अमेरिकेचे अध्यक्ष केनेडी डोळ्याला डोळा भिडवून उभे राहिले म्हणूनच सोव्हिएत नेते ख्रुश्चेव्ह मागे सरले. मला एवढं लागलं, कारण वर्गात मीही वर्षानुवर्षं हेच शिकवलं. हाताशी असलेल्या पुस्तकांत तसंच होतं. ती चूक तुझ्यापाशी तरी दुरुस्त करावी, म्हणून हे पत्र.

१६ ऑक्टोबर १९६२ ला सकाळी केनेडींसमोर क्यूबातल्या सोव्हिएत क्षेपणास्त्रांचे फोटो आले. त्या दिवशी बैठकीत जवळजवळ सगळ्यांचा कल बॉम्बफेकीकडे होता, खुद्द केनेडींचाही. त्याच संध्याकाळी निर्णय घ्यावा लागला असता, तर विमानं उडालीच असती. पण बातमी सहा दिवस बाहेर फुटू दिली नाही, आणि त्या सहा दिवसांत माणसांनी आपली मतं तपासली, बदलली; बॉम्बफेकीऐवजी जहाजांनी क्यूबाची नाकेबंदी करण्याकडे कल झुकला. हवाई दलप्रमुख जनरल कर्टिस लमे बदलले नाहीत. १९ तारखेला त्यांनी केनेडींना तोंडावर सांगितलं की नाकेबंदी म्हणजे म्युनिकला हिटलरपुढे पत्करली जवळजवळ तसलीच शरणागती. २१ तारखेला मात्र हवाई दलाच्याच दुसऱ्या एका जनरलनं कबूल केलं, की कितीही जोरदार हल्ला केला तरी माहीत असलेल्या क्षेपणास्त्रांपैकी फार तर नव्वद टक्के नष्ट होतील. उरलेल्या दहा टक्क्यांचं काय, याला उत्तर नव्हतं.

आणि माहीत नव्हतं ते किती होतं, बघ. बेटावर सुमारे १० हजार सोव्हिएत सैनिक असतील असा अमेरिकी हेरखात्याचा अंदाज होता. प्रत्यक्षात होते ४० हजारांहून जास्त. किनाऱ्यावर उतरणाऱ्या फौजेवर डागता येतील अशी छोटी अण्वस्त्रंही तिथं येऊन पोहोचली होती. संरक्षणमंत्री मॅकनमारांना हे कळलं १९९२ मध्ये, हवानातल्या एका परिषदेत, तीस वर्षांनी. हल्ल्याची योजना मांडणारी माणसं अडाणी नव्हती. त्यांच्या हातातला हिशेबच चुकलेला होता, आणि तो चुकलाय हे कळायला वेळ लागतो. पडलेला बॉम्ब तो वेळ देत नाही.

तुझ्या म्हणण्यात तथ्य आहे, ते मी नाकारणार नाही. समुद्रात अमेरिकेची जहाजं उभी नसती, तर मॉस्कोनं ऐकून घेतलं असतं की नाही, शंकाच आहे. नुसत्या गोड शब्दांवर क्षेपणास्त्रं परत जात नाहीत. पण त्या बळाचा उपयोग केनेडींनी वेळ मिळवण्यासाठी केला. २७ तारखेला क्यूबावर अमेरिकेचं यू-२ हेरविमान पाडलं गेलं, मेजर रुडॉल्फ अँडरसन मारले गेले. विमान पडलं तर प्रतिहल्ला करायचा, हे आधीच ठरलं होतं. केनेडींनी तो थांबवला, आणि त्याच संध्याकाळी धाकटे भाऊ रॉबर्ट सोव्हिएत राजदूत दोब्रिनिन यांना एकांतात भेटले. सौदा असा ठरला: क्यूबावर स्वारी करणार नाही, हे वचन अमेरिकेनं जाहीर द्यायचं. तुर्कस्तानातली आपली पंधरा ज्युपिटर क्षेपणास्त्रं चार-पाच महिन्यांत काढून घ्यायची, पण त्याचा उच्चार कुठंही करायचा नाही. दुसऱ्या दिवशी मॉस्को रेडिओनं माघार जाहीर केली. एप्रिल १९६३ पर्यंत ज्युपिटर निघालेली होती.

म्हणजे क्यूबाचा प्रश्न देवाणघेवाणीनं सुटला. मला राग आहे तो पुढच्या भागाचा. ख्रुश्चेव्हनी तुर्कस्तानचा उल्लेख असलेलं पत्र पाठवलं, तर रॉबर्टनी ते परत केलं. असा कागद मागे राहणं परवडणारं नव्हतं. रॉबर्टच्या मृत्यूनंतर १९६९ मध्ये त्यांचं पुस्तक निघालं, त्यातही हा सौदा झाकलेला होता. ते संपादित करणाऱ्या, केनेडींचे सल्लागार असलेल्या सोरेन्सन यांनी १९८९ मध्ये तशी कबुली दिली. तुर्कस्तानचे तळ सोडावेत असं बैठकीत उघड सुचवलं होतं संयुक्त राष्ट्रांतले अमेरिकी राजदूत ॲडलाय स्टीव्हन्सन यांनी. डिसेंबरात एका मोठ्या साप्ताहिकानं त्यांनाच म्युनिकवादी ठरवलं, आणि त्या लेखाचा सहलेखक केनेडींचा जवळचा मित्र होता. स्टीव्हन्सन १९६५ मध्ये वारले. जे स्वतः केलं, तेच सुचवणाऱ्या माणसाला भेकड ठरू दिलं, हे मी केनेडींना माफ करू शकत नाही.

या लपवालपवीची किंमत एका माणसापुरती राहिली नाही. सौदा ठरला त्या छोट्या बैठकीत उपाध्यक्ष जॉन्सन नव्हते. देशानं आणि बहुतेक राजकारण्यांनी धडा घेतला तो एवढाच, की दटावलं की समोरचा वाकतो. मार्च १९६५ पासून जॉन्सननी उत्तर व्हिएतनामवर सलग बॉम्बफेक सुरू केली ती याच समजुतीनं, असं मी मानतो. हनोई वाकलं नाही.

आमच्या घरात १९६२ च्या त्या ऑक्टोबरात क्यूबाचं नावही नव्हतं. मी अकरा वर्षांचा होतो. २० ऑक्टोबरला चीननं भारतावर हल्ला केला होता आणि रेडिओभोवती सगळे ईशान्य सीमेवरच्या नेफाच्या बातम्या ऐकत बसायचे. पुढच्याच महिन्यात आपले कऱ्हाडचे यशवंतराव चव्हाण संरक्षणमंत्री म्हणून दिल्लीला गेले. आईनं संरक्षण निधीत बांगडी दिली. त्यामुळे सैन्य नको, असं म्हणणाऱ्यांतला मी नाही. तू मला फोनवर त्यांच्यात बसवलंस, ते मात्र खटकलं.

तू बोस्टनमध्ये आहेस. केनेडींचं ग्रंथालय तुमच्याच शहरात आहे, आणि त्या बैठकांची त्यांनी गुपचूप केलेली ध्वनिमुद्रणं तिथं जपलेली आहेत. २७ ऑक्टोबरचं मुद्रण सवड काढून ऐक. कुणाही समजूतदार माणसाला तुर्कस्तानचा सौदा रास्तच वाटेल, हे केनेडी त्यात पुन्हा पुन्हा सांगतायत आणि बहुतेक सल्लागार त्यांना विरोध करतायत. ऐकून झालं की मला फोन कर. या वेळी मी आवाज चढवणार नाही.

तुझा,
मामा