मोहाच्या झाडाखाली



गेल्या चैत्रात आमच्याकडे धुणंभांडी करणाऱ्या ताईंनी एक कागद माझ्यापुढे ठेवला. "भाभी, तुमी पन सही करा न." त्यांच्या माहेरच्या गावाचं वनविभागाला दिलेलं निवेदन होतं: आमच्या शिवारातल्या अस्वलाला गोळी घालून ठार मारावे. खाली चाळीसेक सह्या आणि अंगठे. गाव कोका अभयारण्याच्या कडेला आहे. ताईंच्या वहिनीला पहाटे मोहफुलं वेचताना अस्वलानं धरलं होतं. जीव वाचला, एक डोळा गेला.

पेन हातात घेतलं आणि ठेवून दिलं. सप्तव्यसनांत शिकार आहे, हे पाठशाळेत बाराखडीसारखं घोकलंय. ताई रागावल्या नाहीत. एवढंच म्हणाल्या, "तुमच्या दारात थोडीच येते अस्वल."

खरंच येत नाही. मी जवळून पाहिलेलं अस्वल म्हणजे लहानपणी दरवेशी आणायचा ते, नाकात दोरी ओवलेलं. आई त्याला पोळी घालायची आणि आत येऊन णमोकार म्हणायची. त्या दोरीविरुद्ध मात्र आम्ही कोणी कधी निवेदन दिलं नाही.

त्यानंतर मी बरंच विचारलं, वाचलं. अस्वलाला माणूस खायचा नसतो. त्याला लागतात वाळवी, मध, उंबर आणि मोह. (हसू आलं मला. मद्य, मांस, मधु आणि पाच उदुंबर फळं सोडणं हे आपले अष्ट मूलगुण. आपण सोडतो त्यातलं निम्मं त्याचं जेवण!) नाक तिखट, पण नजर अधू. मादी पिल्लांना पाठीवर घेऊन हिंडते. मोहाचं फूल रात्री गळू लागतं, ते खायला अस्वल पहाटेपर्यंत झाडाखाली असतं, आणि तेच फूल वेचायला बाया अंधारात टोपली घेऊन निघतात. दोघांच्याही माना खाली. अगदी जवळ आल्यावर कळतं, आणि घाबरलेलं अस्वल पळण्याऐवजी अंगावर येतं. वारूळ फोडायची नखं ती, चेहऱ्यावर बसली की काय उरणार?

कायदाही विचारला. १९७२ च्या वन्यजीव कायद्यात अस्वल पहिल्या अनुसूचीत आहे. माणसाच्या जिवाला धोका असेल, आणि पकडणं किंवा बेशुद्ध करून हलवणं शक्यच नसेल, तरच मुख्य वन्यजीव रक्षक मारण्याचा लेखी हुकूम देऊ शकतात. रानडुकराचं वेगळं आहे. धानाची नासाडी करतं म्हणून त्याला मारायची परवानगी आपल्या राज्यात मिळते. (विमलनाथ भगवानांचं लांछन वराह आहे, हे वाचताना मला कसंसंच होतं.) आणि परवानगीची वाट न पाहता शेतात वीज सोडलेली तार लावणारेही आहेत. तार काही डुक्कर ओळखत नाही. २०१७ साली नागभीडकडे अशाच तारेनं आपल्या उमरेड-कऱ्हांडल्याच्या जय वाघाचा बछडा श्रीनिवास गेला.

स्वाध्यायात हिंसेचे चार प्रकार येतात: संकल्पी, आरंभी, उद्योगी, विरोधी. गृहस्थानं पहिली पूर्ण सोडायची, बाकीच्या जपून. वहिनीच्या नवऱ्यानं त्या पहाटे धावून जाऊन कुऱ्हाड उगारली, ती विरोधी. त्याला मी कधीच दोष देणार नाही. पण आठ दिवसांनी बंदूक घेऊन रानात शिरायचं, दिसेल ते अस्वल 'तेच' समजून पाडायचं, हे मला संकल्पीच वाटतं. शिवाय पुढच्या चैत्रात त्या झाडाखाली दुसरं अस्वल येणारच, कारण मोह तिथंच आहे.

हे सगळं ताईंना सांगितलं. त्यांनी भांडी घासता घासता ऐकलं. "मंग उजाडल्यावर जावं म्हनता? तवरिक फुलं गाई-ढोरं खाऊन टाकतेत. आन् वर्साचं मीठ-तेल त्याच्यातच निंगते." माझ्याकडे उत्तर नव्हतं. माझ्या अहिंसेचे पैसे त्यांची वहिनी भरत होती, हे तेव्हा लख्ख दिसलं.

काही गावांत मोहाच्या झाडाखाली जाळी किंवा जुन्या साड्या झोळीसारख्या बांधतात, असं कळलं. फूल वरच्या वर झेललं जातं, गुरांच्या तोंडी लागत नाही. वाकून वेचायला नको, पाचोळा पेटवायलाही नको, त्यामुळे त्यातले किती जीव वाचतात! उजाडल्यावर चारचौघींनी बोलत-गात जाऊन गोळा करता येतं. अस्वल झोळी फाडणार नाही असं नाही, पण बाई तर अंधारात नसेल.

महिला मंडळात मी म्हटलं, यंदा जीवदयेच्या पैशातून जाळी घेऊ. एक ज्येष्ठ काकी ताडकन म्हणाल्या, "मोहाची दारू होते. धर्माच्या पैशानं मद्याला हातभार लावायचा?" मी म्हटलं, मोहाचे लाडू होतात, भाजून खातात, गुरांनाही घालतात. पण काकींचं खोटं नव्हतं. बरीच फुलं व्यापाऱ्याकडे जातात, आणि तिथून कुठं जातात ते सगळ्यांना ठाऊक आहे. बैठक तशीच उठली. पैसे नेहमीप्रमाणे गोशाळेला गेले.

निवेदनावर शेवटी मी सही केली, पण मजकूर बदलून. 'ठार मारावे' काढून 'मोहाच्या हंगामात पहाटे गस्त घालावी, जखमीला मदत लवकर द्यावी' असं लिहिलं. ताईंच्या भावानं मान्य केलं, गावातल्या काहींनी नाही. त्यांचा जुना कागदही गेलाच असेल.

मग कपाट उघडलं. भंडाऱ्यात राहून कोसा मी नेसत नाही, त्यामुळे साड्या सगळ्या सुती नाहीतर नायलॉनच्या. नऊ काढल्या. ताईंनी एकेक उलगडून, ताणून पाहिली, आठ गाठोड्यात बांधल्या. नववी, निळ्या काठांची, बाजूला ठेवली.

"हे झाडाले नोको भाभी. हे मी नेसतो."