मावशी, नेपाळ परदेश आहे

प्रिय सुलूमावशी,

तू नेपाळला चालली आहेस हे मला तुझ्या तोंडून कळायला नको होतं का? कळलं कुणाकडून, तर तुमच्या सोसायटीच्या वॉचमनकडून. मुलुंडला आले तर तू भजनी मंडळात गेलेली, आणि तो गेट उघडता उघडता खुशीत म्हणाला, "आजी हमारे देश जा रही है." मी विचारलं, कुठली आजी? तू आल्यावर मात्र साळसूदपणे, "अगं, सांगणारच होते." बोरिवलीच्या वत्सलाकाकूंना माहीत, त्यांच्या नणंदेला माहीत, पैसे भरून झालेले, अंधेरीच्या भाचीचा नंबर शेवटी. का ते मला ठाऊक आहे. मी मोडता घालीन अशी तुला भीती.

मोडता घालत नाही. जा. काकांच्या मनात मुक्तिनाथ किती वर्षं होतं हे मी विसरलेले नाही. पण त्या दिवशी चहा गाळताना तू एक वाक्य बोललीस, ते मला टोचतंय: "नेपाळ म्हणजे काय गं, आपलंच की. व्हिसासुद्धा लागत नाही." व्हिसा लागत नाही, खरं आहे. 1950 च्या करारापासून दोन्हीकडच्या माणसांना मोकळी ये-जा आहे. पण म्हणून ते ‘आपलंच’ होत नाही. माझं ठाम मत आहे की आपल्या लोकांची तिथे जी फजिती होते, आणि आपण तिथल्या लोकांशी जे वागतो, ती दोन्ही या एका समजुतीची पोरं आहेत. सिंगापूरला जायचं असतं तर तू महिनाभर आधी फाइल केली असतीस.

म्हणून आधी कागद, कारण तिथेच तुझं घोडं अडेल. विमानाने जाताना पासपोर्ट किंवा निवडणूक आयोगाचं मतदार कार्ड लागतं. पासष्टीपुढच्यांना आधार दाखवूनही जाता येतं, त्यामुळे टूरवाली मुलगी "आजी, आधार चालेल" म्हणाली ते चूक नाही. पण पासपोर्ट कपाटात ठेवून आधारवर कशाला जायचं? मतदार कार्डाचं तर नाव काढू नकोस. त्यावर पत्ता घाटकोपरच्या पंतनगरचा, फोटोत तू चाळिशीची आणि आडनावात एक अक्षर जास्त. त्यातून तुझी नावं दोन. आमची तू सुलू, आणि काकांनी तांदळात अंगठीने लिहिलेलं नाव वेगळं. तिकिटावर कुठलं घातलंय ते पाहिलंस? आजच पाहा. पासपोर्टवर आहे तेच हवं, अक्षरन् अक्षर. झेरॉक्स दोन घे, फोटोही चार असू देत. तिथलं सिम घ्यायचं तर मागतात.

आणि एक चिठ्ठी. नॅशनल पार्कात कान्हेरीला न्यायचीस तेव्हा माझ्या फ्रॉकला आतून चिठ्ठी टाचायचीस, आठवतं? नाव, पत्ता आणि शेजारच्यांचा फोन, कारण आपल्याकडे फोन नव्हता. बाकीच्या पोरांना नाही, मलाच का, म्हणून मी रडायचे. आता तुझ्या पर्सच्या आतल्या कप्प्यात मी तशीच चिठ्ठी ठेवणार आहे आणि तू कुरकुर करायची नाहीस. माझा नंबर, हॉटेलचं नाव, गोळ्यांची नावं, आणि काठमांडूत लैनचौरला आपली वकिलात आहे, तिचा नंबर. ‘मोबाइलमध्ये आहे ना’ म्हणू नकोस. तुझा मोबाइल दुपारी तीनला मान टाकतो. 2025 च्या सप्टेंबरात तिथे तरुणांचं आंदोलन भडकलं, संसदेची इमारत जळली, पंतप्रधान पायउतार झाले, विमानतळ बंद पडला, आणि महाराष्ट्रातून गेलेली माणसंही हॉटेलांत अडकली. अशा वेळी गोळ्या संपल्या तर केमिस्ट उघडा असेलच असं नाही. बीपीच्या आणि थायरॉइडच्या गोळ्या आठवडाभराच्या जादा घे. त्या हातातल्या पिशवीत, बॅगेत नव्हे.

पैशांचं सोपं आहे. आपले शंभर म्हणजे त्यांचे एकशे साठ. 1993 पासून दर तसाच बांधलेला. दुकानदाराने किंमत सांगितली की आधी विचारायचं, "आयसी की नेपाली?" आयसी म्हणजे आपला रुपया. हे न विचारता पाकीट काढलंस तर हजाराच्या शालीचे सोळाशे देऊन येशील. मोठ्या नोटांचे नियम तिथे बदलत असतात. 2018 मध्ये तर शंभरावरच्या भारतीय नोटांना सरळ बंदीच घातली होती. निघायच्या आठवड्यात काय चालतं ते विचारून घे आणि तोवर शंभराच्या नोटा साठव. 2024 पासून आपलं यूपीआयही तिथल्या बऱ्याच दुकानांत चालतं. ते ज्या नेपाळी जाळ्यावर चालतं त्याचंही नाव फोनपेच. तुझ्या मोबाइलमधल्या फोनपेशी त्याचा संबंध नाही, म्हणून काउंटरवर वाद घालत बसू नकोस. घड्याळ पंधरा मिनिटं पुढे कर. पंधराच.

आता ते, जे आपण दोघी बोलायचं टाळतोय. 23 ऑगस्ट 2024. पोखराहून काठमांडूला निघालेली बस तनहुँ जिल्ह्यात मर्स्यांगदी नदीत कोसळली आणि 27 माणसं गेली. बहुतेक सगळी जळगाव जिल्ह्यातली, वरणगाव-भुसावळकडची, देवदर्शनाला निघालेली. हवाई दलाच्या विमानाने त्यांना परत आणावं लागलं. तू दोन दिवस टीव्हीसमोरून उठली नव्हतीस. तुझ्या कार्यक्रमपत्रिकेत तोच रस्ता आहे, मावशी. मी पाहिलं. तूही पाहिलंस, म्हणून तर तो कागद फ्रिजखाली सरकवलास ना?

घाबरवत नाहीये. ते दिवस पावसाळ्याचे होते. जून ते सप्टेंबर त्या डोंगरांत दरडी येतात, नद्या फुगतात. तू जातेस ते दिवस कोरडे. तरी तो रस्ता दोनशे किलोमीटरचा असून दिवस खातो, कारण एका बाजूला कडा आणि दुसऱ्या बाजूला नदी. त्यामुळे टूरवाल्याला तीन गोष्टी विचार, आणि ‘आजी, काळजी करू नका’ हे उत्तर धरू नकोस. घाटात अंधार पडल्यावर बस चालणार नाही ना? ड्रायव्हर किती, एक की दोन? बस त्या डोंगरांत चालणारी, तिथली, की गोरखपूरहून सोबत आणलेली? विमानाने जावं का, असं विचारशील. काठमांडू ते पोखरा अर्ध्या तासाच्या आत होतं. पण 15 जानेवारी 2023 ला पोखऱ्याला उतरतानाच विमान पडलं, 72 जण होते. युरोपीय संघाने तर 2013 मध्येच नेपाळच्या सगळ्या विमान कंपन्यांना काळ्या यादीत टाकलं. मला विचारशील तर हवा स्वच्छ असेल तेव्हा सकाळचं विमान, नाहीतर दिवसाउजेडी रस्ता. आणि घाई कशाचीच नाही.

गंमत बघ, ज्यांच्या सरकारांनी ही यादी केली ते जर्मन आणि फ्रेंच लोक काठमांडूतल्या थामेलच्या गल्ल्यांत झुंडीने दिसतात. पण ते विमा काढून येतात, हवा बिघडली तर म्हणून दोन दिवस रिकामे ठेवून येतात, कुठल्या गावाची उंची किती ते त्यांना पाठ असतं. आपली सहल म्हणजे पाच दिवसांत पशुपतिनाथ, मनकामना, पोखरा, मुक्तिनाथ आणि वर शॉपिंग. रिकामा दिवस दिसला की पैसे फुकट गेले असं आपल्याला वाटतं.

उंचीचं म्हणते ते मुक्तिनाथसाठी. पोखरा आठ-नऊशे मीटरवर आहे आणि मुक्तिनाथ सदतीसशेच्या वर. एका दिवसात एवढं चढलं की डोकं ठणकतं, मळमळतं, झोप लागत नाही. वाटेत जोमसोमला निदान एक रात्र काढा, असा हट्ट धर. वत्सलाकाकूंना पुढे कर; त्यांच्यापुढे कुणाचं चालत नाही. डॉक्टरांना आत्ताच दाखव आणि उंचीच्या त्रासावरच्या डायमॉक्स गोळीचं विचार. काकूंनी दिलेली गोळी तोंडात टाकू नकोस. विमा घेशील तो इतक्या उंचीला आणि हेलिकॉप्टरला लागू आहे का ते वाच. काली गंडकीच्या खोऱ्यात ऊन चढलं की वारा असा सुटतो की जोमसोमची विमानं सकाळीच उडतात, तेव्हा कार्यक्रम पुढे सरकला तर चिडू नकोस. देवळाखालच्या राणीपौवापासून वर चालायचं जड वाटलं तर घोडं कर. देवळामागे 108 धारा आहेत, बर्फाच्या पाण्याच्या. सगळ्यांखालून धावत जायचं असतं. तू जाशीलच, मी कितीही सांगितलं तरी. निदान डोकं भिजवू नकोस, आणि मग दोन्ही कुंडांत उतरणं नाही. काकांच्या वाटचं पाणी डोळ्यांना लावलंस तरी त्यांना पोचेल.

शाळिग्राम मात्र विकत घेऊ नकोस. घडवून, घासून केलेले खोटे ढिगाने मिळतात. आणि तुझ्या देवघरात सासूबाईंचा आहे ना? शाळिग्रामाचं मोल करू नये हे तूच मला शिकवलंस.

पशुपतिनाथाला चामड्याचा पट्टा, पर्स बाहेर ठेवावी लागते, आत फोटो काढू देत नाहीत. बागमतीच्या घाटावर चिता जळत असतात. समोरच्या काठावरून लोक मोबाइल धरून उभे असतात, आणि त्यांत आपले कमी नसतात. कुणाच्या तरी आईला अग्नी देत असतात गं तिथे. तू नाही करणार. मला तुझी काळजी नाहीच. काळजी आहे ती तुझ्या बसमधल्या बाकीच्यांची. हॉटेलच्या पोराला "ए बहादूर" म्हणून हाक मारणाऱ्यांची. अख्खी सोसायटी त्या वॉचमनला बहादूर म्हणते, तू एकटी त्याला नावाने बोलावतेस. "घरी काही पाठवायचंय का, मी नेते," असं तू विचारलंस आणि तो का हसला ते माहितेय? त्याचं गाव अछाममध्ये, पार पश्चिमेला. तो दिल्लीवरून बनबसाला जातो आणि तिथून सीमा ओलांडतो. त्याने काठमांडू पाहिलेलं नाही. तू त्याच्या आधी त्याची राजधानी पाहणार आहेस. हे मला काही बरं वाटलं नाही, पण ते असो.

तर तिथे ड्रायव्हरला ‘दाइ’ म्हण, पोरांना ‘भाइ’, दुकानातल्या बाईला ‘दिदी’. बस. पाट्या तर देवनागरीतच आहेत. लोकलमध्ये दुकानांच्या पाट्या मोठ्याने वाचत जातेस तशी तिथेही वाच, तेवढं नेपाळी पुरे. बसमधल्या कुणी बुद्धाचा जन्म भारतातला असं ठोकून दिलं तर तू हळूच लुंबिनी म्हण. हा विषय तिथे फार हळवा आहे, आणि खरंही त्यांचंच आहे. सीमेचा, नकाशाचा विषय निघाला तर चहा मागव. भूकंप झाला 2015 च्या एप्रिलमध्ये, आणि त्याच वर्षी सप्टेंबरपासून सीमेवर माल अडला. गॅस नाही, पेट्रोल नाही, औषधं नाहीत असे चारपाच महिने त्यांनी काढले. त्याचा दोष ते आपल्याला देतात. आपल्याला ते आठवतही नाही.

खाण्याचं: डबाभर थालीपीठं नेऊ नकोस. त्यांचा दाल-भात-साग तुला घरच्यासारखा लागेल, आणि थकाली जेवण मिळालं तर सोडू नकोस. मोमो घेताना मात्र ‘व्हेज’ दोनदा म्हण. गाय तिथे कापत नाहीत, पण म्हशीचं मांस सर्रास असतं आणि त्याला नुसतं ‘बफ’ म्हणतात.

राहता राहिला राग. दिवाळीत तू नसणार. माझ्या आठवणीत अशी दिवाळी नाही. वत्सलाकाकू म्हणाल्या म्हणून तारखा बघितल्यास, की मुद्दाम? काका गेल्यापासून नरकचतुर्दशीची पहाट तुला घरात नकोशी होते, हे मला कळत नाही असं समजू नकोस. आपल्या दिवाळीच्याच दिवसांत त्यांचा तिहार असतो. एक दिवस कावळ्याचा, दुसरा कुत्र्याचा. त्या दिवशी अख्ख्या गावातल्या कुत्र्यांना टिळा लावतात, गळ्यात झेंडूची माळ घालतात, खाऊ घालतात. तुमच्या गल्लीतल्या कुत्र्यांना पोळ्या घालते म्हणून सेक्रेटरीने तुला नोटीस धाडली होती ना? तिथे माळ घातलेला पहिला कुत्रा दिसला की फोटो काढ आणि सोसायटीच्या ग्रुपवर टाक. माझ्याकडून.

विमानतळावर सोडायला मी येणार आहे, रिक्षाचं बोलू नकोस. अंधेरीहून मला जवळ पडतं, त्यामुळे आदल्या रात्री माझ्याकडेच झोपायला ये. आणि निघण्याआधी चकलीची भाजणी दळून ठेव. गिरणीवाला मला प्रमाण विचारतो आणि मी तुला फोन लावते; तू जोमसोमला असलीस तर लागायचा नाही.

तुझीच,
भाची